छपराखालचे कोठार : उत्तर कोकणातील माळ्याचा सामाजिक इतिहास
(उमरोळी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मराठी प्रदेशातील घरांचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम वाड्यांकडे आणि गढ्यांकडे जाते. सामान्य शेतकऱ्याच्या घराचा विचार झालाच तर तो ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि परसू या जमिनीवरील भागांपुरता होतो. तुळया आणि छप्पर यांच्यामधली जी अंधारी, ठेंगणी, धुराने काळवंडलेली जागा असते, तिची दखल क्वचितच घेतली जाते. वास्तविक कोकणातील शेतकऱ्याचे वर्षभराचे अन्न, पुढील वर्षाचे बियाणे, पावसाळ्याचे सरपण आणि औतकाठी याच जागेत असे. या जागेला माळा म्हणतात. ती अर्ध्या उंचीची असेल तर पोटमाळा.

पश्चिम रेल्वेच्या पालघर आणि बोईसर या स्थानकांच्या दरम्यान वसलेले उमरोळी आणि त्याच्या आसपासचा भातशेतीचा पट्टा हे प्रस्तुत निबंधाचे क्षेत्र आहे. पश्चिमेस सातपाटी-मुरब्याची किनारपट्टी आणि पूर्वेस वारली पाड्यांचा डोंगराळ मुलूख, यांच्या मध्ये हा पट्टा येतो. एकोणिसाव्या शतकात तो ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत असे. हे माहीम म्हणजे मुंबईचे नव्हे, केळवे-माहीम. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. परिसर लहान असला तरी किनारा, खार जमीन, भातखाचरे आणि जंगल या चारही गोष्टी येथे थोड्या अंतरात एकत्र येत असल्याने घरबांधणीचे अनेक प्रकार शेजारी शेजारी आढळतात.

येथे मांडावयाचा मुद्दा असा की, उत्तर कोकणातील माळा ही अडगळीची जागा नव्हती, ते कोठार होते. सुगीनंतर त्यावर किती भात चढे आणि आषाढापर्यंत त्यातील किती उरे, यावर त्या घराची पत ठरे, आणि पुष्कळदा त्या घरातील माणसांचे स्वातंत्र्यही. माळ्याच्या फळ्या, त्यावरील लिंपण आणि त्याखालची चूल यांचा विचार म्हणूनच केवळ बांधकामशास्त्राच्या कक्षेत मावत नाही.

पेव आणि माळा

धान्य कोठे ठेवावे या प्रश्नाला महाराष्ट्राने दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. देशावरील शेतकरी धान्य जमिनीखाली नेतो. घट्ट पांढऱ्या मातीत किंवा मुरमात पेव खणून, आतून शेण-मातीने लिंपून, तळाशी व बाजूंना कडबा लावून त्यात ज्वारी भरली जाई आणि तोंड मातीने बंद केले जाई. आतील हवेतला प्राणवायू संपला की किडीची वाढ थांबते, हे त्या शेतकऱ्यास रसायनशास्त्राच्या पुस्तकाविना ठाऊक होते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये हा दंडकही त्याच अनुभवातून आलेला. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच परंपरेतील होत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरले आणि मोठी हानी झाली. जमिनीखालच्या साठ्याचे वैरी कोण, ते त्या घटनेवरून पुरेसे कळते.

कोकणात हे वैरी दर वर्षी येतात. पालघर परिसरात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भातखाचरांच्या शेजारी वसलेल्या गावांत पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी जवळजवळ पृष्ठभागाशी येते, किनाऱ्याकडील भागात ते खारेही असते. येथे पेव खणणे म्हणजे विहीर खणणे. तेव्हा धान्यास वर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. देशावर धान्य जमिनीच्या पोटात गेले आणि कोकणात ते छपराच्या पोटात गेले, असे म्हटल्यास ‘पोटमाळा’ या शब्दावर फारसा अन्याय होणार नाही. शेतात राखणीसाठी उभारलेल्या मचाणासही आपल्याकडे माळा म्हणतात, आणि मुंबईकर इमारतीचे मजले माळ्यांतच मोजतो. मात्र मुंबईच्या ‘तिसऱ्या माळ्या’ची आणि उमरोळीच्या घरातील माळ्याची गल्लत करता कामा नये, पहिल्यावर माणसे राहतात, दुसऱ्यावर भात.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. राजसत्तेचे कोठार वेगळे आणि कुटुंबाचे वेगळे. पन्हाळ्यावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती या तीन भक्कम इमारती पाहिल्या की राज्य धान्याकडे कसे पाहत होते ते समजते: वेढ्याच्या काळातील शिबंदीचे अन्न म्हणून. अशी कोठारे दगडात बांधली गेली म्हणून टिकली आणि इतिहासात आली. कुटुंबाचे कोठार बांबूत, मातीत आणि पेंढ्यात बांधलेले होते. ते टिकले नाही आणि कागदपत्रांतही त्याला स्थान मिळाले नाही. रयतवारीच्या पाहणीत शेताची प्रत लावली गेली, आकार ठरला, क्षेत्र मोजले गेले. पण आकार जमिनीवर होता, माळ्यावर नव्हता. महसुली दप्तरातून माळा शोधू पाहणाऱ्या संशोधकाची निराशा होते, याचे कारण हे आहे.

माळ्याची घडण

जुन्या कौलारू किंवा गवताने शाकारलेल्या घरात भिंतीच्या किंवा खांबांच्या माथ्यावर तुळया टाकलेल्या असतात. त्यांवर काटकोनात कड्या आणि कड्यांवर माळ्याची जमीन. ही जमीन दोन प्रकारची असे आणि या दोन प्रकारांतच गावाची आर्थिक रचना वाचता येते.

पहिला प्रकार फळ्यांचा. सागाच्या, निदान ऐनाच्या, फळ्या कड्यांवर शेजारी शेजारी ठोकून तक्तपोशी केली जाई. चांगल्या सुताराच्या हातची तक्तपोशी असेल तर एका फळीच्या कडेला खोबण आणि दुसरीच्या कडेला तीत बसणारी पट्टी काढलेली असे. असे केले नाही तर उन्हाळ्यात लाकूड आकसते, फटी पडतात आणि भाताचे दाणे खालच्या खोलीत गळू लागतात. साध्या कामात यावर उपाय म्हणून फळ्यांवर चटई किंवा गोणपाट अंथरीत. वर जाण्यास दादर असे आणि दादराच्या तोंडाशी झडप. झडपेला कुलूप असे ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी ती पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा प्रकार बांबूचा. कड्यांवर बांबू किंवा त्याच्या कामट्या दाट अंथरून, त्यांवर कारवीच्या काड्यांचा किंवा पेंढ्याचा थर देऊन माती, शेण आणि भाताचे तूस एकत्र कालवून त्याचे दोन-तीन बोटे जाडीचे लिंपण करीत. कुणबी, आगरी आणि वारली घरांत हाच प्रकार सर्वत्र होता. वर जाण्यास निसण, म्हणजे साधी शिडी, आणि तीही बहुधा टेकवून ठेवलेली. किनाऱ्याकडे ताडाचे वासे वापरले जात.

आजच्या भाषेत ज्याला उष्णतारोधन म्हणतात ते या दुसऱ्या प्रकारात अधिक चांगले साधले होते, ही बाब आपल्या वास्तुविषयक कल्पनांना थोडा धक्का देणारी आहे. पेंढा आणि तूस यांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. वरील मातीचा थर दिवसभर हळूहळू तापतो आणि रात्री हळूहळू निवतो. त्यावर भाताने भरलेल्या कणग्या आणि पेंढ्याच्या गुंड्या आल्या की एप्रिल-मे महिन्यांत छप्पर व माणसे यांच्यामध्ये आणखी हातभर जाडीचा थर तयार होई. म्हणजे माळ्यावरचे धान्य स्वतःच घराचे पांघरूण होते. सागाच्या फळीला हे जमत नाही. फळीचा माळा दिसायला देखणा, भार पेलायला समर्थ. पण तो रिकामा असेल तर खालच्या खोलीत उकडते.

थंड देशांतील पोटमाळ्याशी तुलना केली म्हणजे आपल्या माळ्याचे वेगळेपण स्पष्ट होते. इंग्लंडसारख्या देशात माळ्याच्या कड्यांमध्ये काचलोकरीचा जाड थर अंथरतात, तो खालची ऊब वर निसटू नये म्हणून. त्यावर सामान ठेवण्यासाठी फळ्या ठोकल्या आणि त्या नादात लोकर दाबली गेली तर तिच्यातील हवा जाते व तिचा उपयोग घटतो. म्हणून तेथे फळ्या उंचावून ठोकण्याची काळजी घेतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. उष्णता वरून खाली येते आणि ओल चहूकडून येते. तेव्हा अडवायचे ते ऊन व ओल, आणि चालू ठेवायचा तो वारा.

वाऱ्यापेक्षाही महत्त्वाचा होता धूर. धान्याची कणगी शक्यतो चुलीच्या वरच्या भागात असे. दीर्घकाळ साठवावयाच्या भातात पाण्याचे प्रमाण चौदा टक्क्यांच्या आत असावे असे कृषिशास्त्र सांगते. पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहते आणि अशा हवेत वाळलेले भातही पुन्हा ओल धरते. चुलीची ऊब आणि धूर रोज दोन वेळा कामट्यांच्या फटींतून वर जाई, ती ओल शोषून घेई आणि सोंड्या-टोक्यास दूर ठेवी. वाशांवर आणि बांबूंवर काजळीचा जो थर चढे त्याने वाळवीसही आळा बसे. ज्या काळवंडलेल्या छपराकडे बाहेरचा माणूस दारिद्र्याची खूण म्हणून पाहतो, ते खरे तर धान्य टिकवण्याचे साधन होते. अर्थात याची किंमत खाली चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी मोजली, हे नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेंढा वर आणि विस्तव खाली, ही रचना आगीलाही आमंत्रण देणारीच होती.

माळ्याची सारी व्यवस्था स्त्रियांच्या हाती असे. सुगीनंतर भात उन्हात घालणे, कणगी शेणाने सारवणे, तोंड लिंपून बंद करणे, दर आठवड्यास लागेल तेवढे भात उतरवून उखळात कांडणे ही कामे त्यांची. कोकणात ‘भात’ म्हणजे तूस न काढलेले धान्य. तांदूळ तो कांडल्यानंतर. माळ्यावर भात ठेवले जाई, तांदूळ नव्हे, कारण तुसाचे कवच असेपर्यंत दाण्याला कीड लवकर लागत नाही. बियाण्याची निवड आणि राखण हेही स्त्रियांचेच काम. उत्तम लोंब्या निवडून वेगळे काढलेले बी राख किंवा निरगुडीचा पाला घालून स्वतंत्र कणगीत ठेवीत आणि उपासमारीची वेळ आली तरी त्याला हात लावीत नसत. वारली समाजात धान्यास कणसरी ही देवता मानतात. बियाण्याच्या कणगीस अशी देवत्वाची जोड असणे हे साठवणशास्त्राच्या दृष्टीनेही उपकारक होते, असे मला वाटते; भुकेल्या माणसाला केवळ हिशेब थोपवू शकत नाही.

भरलेले आणि रिकामे माळे

आता झडपेच्या कुलपाकडे वळू.

भाताचे पीक वर्षातून एकदाच येते. सुगी आश्विन-कार्तिकात, आणि अन्नाची खरी ओढ आषाढ-श्रावणात, जेव्हा लावणीचे कष्ट सर्वाधिक असतात. या आठ-नऊ महिन्यांच्या अंतराला ज्याचा माळा पुरला तो स्वतंत्र. ज्याचा पुरला नाही त्याला दुसऱ्याच्या माळ्याकडे जावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे जिल्ह्याच्या या भागात जमिनी मोठ्या प्रमाणावर सावकार-जमीनदारांकडे गेल्या. मूळ कसणारा कूळ झाला. त्याच्या खळ्यावरून खंडाचे भात परस्पर मालकाच्या घरी जाई. पावसाळ्यात तेच भात त्याला खावटी म्हणून परत मिळे आणि पुढच्या सुगीला ते सवाईने किंवा दिढीने फेडावे लागे. म्हणजे एका मणास सव्वा मण, दीड मण. प्रत्यक्ष मापात हातचलाखी झाली की ते प्रमाण याहूनही वाढे.

या व्यवहारात भात कोणाच्या शेतात पिकले याला फारसे महत्त्व उरत नाही. ते पावसाळ्यात कोणाच्या माळ्यावर आहे याला महत्त्व येते. मार्गशीर्षात स्वस्त असणारे धान्य श्रावणात महाग होते. या दोन भावांमधील फरक ज्याच्याकडे कोरडी, उंच, कुलूपबंद जागा आहे त्याच्या पदरात पडतो. सागाच्या तक्तपोशीने मालकाला दिलेली खरी गोष्ट ही होती. बांबूचा माळा पाच-सात माणसांच्या कुटुंबाचे भात पेलू शकतो, पण पन्नास कुळांचा खंड पेलू शकत नाही. त्यासाठी जाड तुळया लागतात, फळ्या लागतात. आणि नेमके हेच लाकूड सामान्य रयतेच्या हातून निसटत होते. १८७८ च्या वनकायद्यानंतर जंगले राखीव होत गेली. राबासाठी फांद्या तोडणे, घरासाठी लाकूड आणणे यांवर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्याविरुद्ध एवढा असंतोष माजला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ सालचा आहे. सागाच्या फळ्यांचा माळा ही पैशाची बाब झाली ती या काळात अधिक ठळकपणे.

खावटीतून वेठ आणि वेठीतून लग्नगडी, ही साखळी सर्वज्ञात आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी सावकाराकडे राबायचे, आणि राबताना पोटासाठी घेतलेली खावटी त्या कर्जात वाढत जायची. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी मुंबई इलाख्यातील आदिवासींविषयी सादर केलेल्या अहवालात या पद्धतीचे निःसंदिग्ध वर्णन आहे. तरीही फरक पडला तो अहवालाने नव्हे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथील किसान सभेच्या अधिवेशनास काही वारली कार्यकर्ते गेले; त्यानंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव-पालघर पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या ग्रंथामुळे हा लढा मराठी वाचकांस परिचित आहे. त्याची चर्चा सामान्यतः मजुरी आणि माणुसकी यांच्या अंगाने होते व ते योग्यच आहे. परंतु वेठीचे मूळ ज्या खावटीत होते, त्या खावटीचे मूळ माळ्याच्या विषम वाटणीत होते, हे त्या चर्चेस जोडले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कोठाराकडे राज्यसत्तेचे लक्ष प्रथमच गेले. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि शहराला पुरवण्यासाठी जिल्ह्यांतून लेव्हीचे धान्य गोळा होऊ लागले. ज्या माळ्याची दप्तरात नोंद नव्हती, तो आता साठा दडवण्याची जागा म्हणून संशयास्पद ठरला.

१९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन यांनी बऱ्याच कुळांना जमिनीची मालकी मिळाली. सर्वांना मिळाली असे नाही. कागदावर कूळ म्हणून नाव नसलेल्यांची संख्या या भागात थोडी नव्हती. तरी ज्यांना ती मिळाली त्यांच्या घरी पीक प्रथमच खळ्यावरून थेट स्वतःच्या माळ्यावर चढले. खावटी हा शब्द मात्र गेला नाही. पुढे आदिवासी विकास महामंडळामार्फत शासनानेच खावटी कर्ज देण्यास प्रारंभ केला आणि कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, खावटी अनुदान योजना जाहीर झाली. सावकाराच्या शब्दाने शासकीय निर्णयाच्या शीर्षकात जागा पटकावावी, यात पावसाळ्यातील रिकाम्या माळ्याचा प्रश्न किती चिवट आहे ते दिसते.

कौल, पत्रा आणि स्लॅब

माळ्याचा इतिहास त्यावरील छपराच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास, १८६४ मध्ये, मुंबई-बडोदा रेल्वेने मुंबई गुजरातशी जोडली आणि हा सारा पट्टा लोहमार्गावर आला. यंत्राने घडवलेले, एकमेकांत अडकणारे मंगळुरी कौल गावोगाव पोहोचण्यास बराच काळ लागला. प्रथम ते सधन घरांवर आले, नंतर इतरांवर. नळीच्या कौलांची किंवा गवताची दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागे, ती दगदग मंगळुरी कौलाने कमी केली. परंतु गवताच्या हातभर जाड छपराखाली जो गारवा असे तो एकेरी कौलाखाली राहत नाही. त्यामुळे गवत जाऊन कौल आले तेव्हा माळ्यावरच्या लिंपणाचे आणि पेंढ्याचे महत्त्व वाढले, असे मानण्यास जागा आहे.

१९६६ मध्ये आयआर-८ आणि १९६८ मध्ये जया ही बुटकी, अधिक उत्पन्न देणारी भाताची वाणे आली. या वाणांचा ताठ जुन्या वाणांच्या तुलनेत आखूड. दाणा वाढला, पेंढ्याची लांबी घटली. शाकारणीस लांब पेंढा लागतो. तो मिळेनासा झाला. संशोधन संस्थांनी हेक्टरी उत्पादनाचे आकडे चोख ठेवले, पण या बदलाची छपरावर काय प्रतिक्रिया झाली ते कोणी नोंदले नाही. घरच्या बियाण्याऐवजी पिशवीतील बियाणे आल्याने बियाण्याची कणगीही हळूहळू रिकामी झाली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डॉ. पानसे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील धान्याची काढणीपश्चात नासाडी ९.३३ टक्के असल्याचा अंदाज दिला आणि तिचा मोठा भाग साठवणीतला होता. यानंतर पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला. उंदरापासून धान्य वाचवण्यास पत्र्याची कोठी निःसंशय सरस आहे. पण ती जड असते, जमिनीवर ठेवावी लागते आणि तिला धुराची गरज नसते. धान्य माळ्यावरून उतरले ते असे, एकेका कोठीगणिक.

दरम्यान परिसराचे अर्थकारणच बदलले. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले, बोईसरलगत तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. पगार महिन्याला येऊ लागला तेथे वर्षाचे धान्य एकदम भरण्याची निकड राहत नाही. गावोगाव भातगिरण्या आल्याने कांडण संपले, शिधापत्रिकेवर तांदूळ मिळू लागला आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला हक्काचे स्वरूप आले. पूर्वी जे काम माळा करीत असे ते आता रास्त भावाचे दुकान करते. श्रावणात दुसऱ्याच्या दारी जाण्याची वेळ ज्यांच्यावर येत असे, त्यांच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. जुन्या माळ्याविषयी हळहळणाऱ्या आमच्यासारख्या प्राध्यापकांनी हे विसरता कामा नये.

धान्य गेले तरी माळ्याचे दुसरे काम, म्हणजे ऊन अडवणे, शिल्लक होते. ते मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. कौलांच्या जागी सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे आले. पत्र्याचे छप्पर बुटके आणि कमी उताराचे असल्याने त्याखाली माळा बसत नाही. चुलीच्या जागी गॅस आला, धूर गेला (तो गेला हे उत्तमच झाले), पण धुराविना उरलेल्या बांबूंना भुंगा व वाळवी लागली आणि जे माळे काढले नव्हते ते आपोआप खचले. आज उष्णता रोखण्यासाठी काही घरांत पत्र्याखाली थर्माकोलचे तक्ते किंवा चकाकणाऱ्या कागदाचे थर लावलेले दिसतात. तूस आणि पेंढा यांत जी हवा अडकत असे तीच थर्माकोलच्या कणांतही अडकते. फरक एवढाच की तूस घरचे होते, आणि थर्माकोल पेट घेतो तेव्हा त्याचा धूर विषारी असतो.

वजनाचा प्रश्न

जुन्या पद्धतीचे समर्थन करताना एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. मातीचे रोधन हे वजनाचे रोधन आहे. देशावरील माळवदात फळ्यांवर पांढऱ्या मातीचा फूटभर किंवा अधिक थर असतो; शिवाय दर वर्षी त्यावर नवी माती पडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडी भिंती आणि त्यांवरील हीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या सुमारे आठ हजार होती. कोकणातील माळा माळवदाइतका जड नाही. त्याचे लिंपण बोटांत मोजण्याएवढे, भिंती पुष्कळदा कारवीच्या कुडाच्या, आणि भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर. अशी चौकट हलली तरी सहसा लवकर कोसळत नाही. परंतु नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि तेथील कुटुंबांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. त्या दिवसांत माळ्यावरची अडगळ, जुनी कौले, लोखंडी सामान खाली उतरवणे हा घरातील पहिला शहाणपणाचा निर्णय होता. भाताची कणगी वर असणे आणि जुना पंखा, बिडाचे जाते, उरलेल्या फरशा वर असणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. माळा कोठार होता तोवर त्याचा भार दर महिन्यास कमी होत जाई. तो अडगळीचा झाला तेव्हापासून भार फक्त वाढतो.

एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि उमरोळी मुंबईच्या नोकरदारांच्या कक्षेत आले. भातखाचरांलगत चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील सदनिकांत स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या वर दोन-अडीच फूट उंचीची सिमेंटची फळी काढलेली असते. विक्रेत्यांच्या पत्रकात तिला ‘लॉफ्ट’ म्हणतात, राहायला आलेले लोक दोन-चार महिन्यांत तिला माळाच म्हणू लागतात. गणपतीची मखर, दूरचित्रवाणी संचाचे खोके, लग्नातील पातेली आणि हिवाळी अंथरुणे तिच्यावर राहतात. सर्वांत वरच्या मजल्यावर, जेथे वर केवळ उघडी गच्ची असते, तेथील रहिवासी मे महिन्यात गच्चीवर पाणी शिंपतात, चुना फासतात किंवा हिरवी जाळी बांधतात. यंदा अशाच एका गच्चीवर, शेजारच्या शेतातून आणलेल्या पेंढ्याच्या गुंड्या ओळीने अंथरलेल्या पाहिल्या. चौकशी केली तेव्हा घरच्या आजींनी सांगितले, की हे त्यांच्या सुनेला इंटरनेटवर सापडले.